खाणीतील शौर्याची पदके: वर्णन चोख, पाठवणी निष्काळजी

ब्रिटनमधील एका लिलावगृहाकडून मी खाणींसाठीचे कांस्याचे एडवर्ड पदक घेतले. पदक अस्सल आहे आणि विक्रीआधी त्यांनी घेतलेली मेहनत वाखाणण्याजोगी आहे; विक्री झाल्यानंतरची हयगय मात्र तितकीच खटकणारी आहे.

खाणीत जिवावर उदार होऊन दुसऱ्याचे प्राण वाचवणाऱ्यांसाठी ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याने १९०७ मध्ये हे पदक सुरू केले. खाणींसाठीची अशी पदके एकूण ३९५ दिली गेली, त्यांत चांदीची केवळ ७७. त्यामुळे एखादे विक्रीला आले की अस्सलपणाची शंका आधी घ्यावी लागते, आणि ती फिटते ती पदकाच्या कडेवर, जिथे मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. मूळ नाव घासून दुसरे कोरले असेल, तर त्या जागी कड किंचित पातळ लागते आणि कानशीचे बारीक ओरखडे दिसतात. लिलावगृहाने तिरप्या उजेडात पूर्ण कडेची छायाचित्रे दिली होती, त्यामुळे एकेक अक्षर तपासता आले. मागच्या बाजूला सहकाऱ्याला वाचवणारा खाणकामगार आहे. त्या आकृतींच्या उंच भागांवरची झीजही न लपवता नोंदवली होती. पदकाला पॉलिश केलेले नव्हते, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण चकचकीत कांस्य पाहिले की जाणकार हात आखडता घेतो.

सूचिपत्रात एक उणीव राहिली. १९७१ मध्ये हयात मानकऱ्यांना एडवर्ड पदकाऐवजी जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च नागरी शौर्यसन्मान घेण्याची मुभा मिळाली, आणि काहींनी ती नाकारून मूळ पदकच जवळ ठेवले. तेव्हा मानकरी त्या वर्षी हयात होता की नाही, हे विक्रेत्याने सांगायलाच हवे होते. गौरवपत्राचा मजकूर शासकीय राजपत्रात छापला जात असे, तोही मलाच शोधावा लागला.

खरी तक्रार पाठवणीची आहे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून झिरपणारा चिकट द्रव कांस्यावर हिरवे डाग पाडतो, हे नाणी जमवणाऱ्या नवख्यालाही ठाऊक असते, तरी पदक अशाच पाकिटात आले. मी ते लगेच काढून आम्लरहित कागदात ठेवले, म्हणून निभावले. तक्रारीला उत्तर सभ्य आले, पण पुढच्या पाठवणीविषयी त्यात अवाक्षर नव्हते. खरेदी त्यांच्याकडून पुन्हा करेन; पाकीट कोणते वापरणार, हे मात्र बोली लावण्याआधीच लेखी विचारून घेईन.