पॅनेल की नवी युनियन? दोन्ही वाटा चाललेल्या एका कामगाराची तुलना

गेल्या वर्षभरात दोन निरनिराळ्या कारखान्यांतील मंडळी मला येऊन भेटली आणि त्यांचा प्रश्न एकच होता. युनियनचे नेतृत्व पंधरा-पंधरा वर्षे त्याच माणसांकडे आहे, करार बंद खोलीत ठरतो आणि सही झाल्यावर कामगारांना कळतो. अशा वेळी आहे त्याच युनियनमध्ये पॅनेल उभे करून निवडणूक लढवावी, की बाहेर पडून नवी युनियन काढावी? नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी २६ वर्षे टर्नर म्हणून काम केले आणि त्या काळात आम्ही आधी दुसरी वाट धरली, नंतर पहिली. त्यामुळे दोहोंबद्दल अनुभवाने बोलू शकतो, इतकाच माझा अधिकार आहे. नोंदणी म्हणजे युनियन सरकारदरबारी नोंदवणे, आणि मान्यता म्हणजे सगळ्या कामगारांच्या वतीने व्यवस्थापनाशी वाटाघाटी करण्याचा हक्क, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आमची ठिणगी पगारवाढीवरून पडली नव्हती. २००६ च्या करारात वाढ बरी होती. मात्र त्या कराराला जोडलेले एक परिशिष्ट कोणीही पाहिले नव्हते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मशीनशेजारच्या फळ्यावरचा आकडा बदलला. पाळीला ४६ नग काढायचे होते तिथे ५५ लिहिलेले दिसले. कमिटीच्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, ‘साहेबांनी आणि अध्यक्षांनी बसून ठरवलंय, आम्हालाही आत्ताच कळतंय.’ निवडून दिलेल्या कमिटीलाच जर फळा वाचून करार कळत असेल, तर आपण वर्गणी कशासाठी भरतो, हा प्रश्न त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ३४० कायम कामगारांपैकी बहुतेकांच्या तोंडी होता. त्या रागातून आम्ही २००७ मध्ये नवी युनियन काढली.

नव्या युनियनची बाजू मी आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण तिच्यात खरे बळ आहे. कामाला लागल्याचे समाधान लगेच मिळते. कुणाची परवानगी मागावी लागत नाही, जुन्या कमिटीच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. नोंदणीसाठी आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद पुरतात, त्यामुळे आमच्यासारख्या कारखान्यात ३४ सह्यांत काम भागले. युनियनची घटना, म्हणजे तिची नियमावली, आपल्याला हवी तशी लिहिता येते. सर्वसाधारण सभेने मंजूर केल्याशिवाय करारावर सही नाही, असे कलम आम्ही आमच्या घटनेत घातले आणि ते पहिल्या द्वारसभेत वाचून दाखवले तेव्हा टाळ्या थांबेनात. ज्यांनी आयुष्यात कधी सभेत तोंड उघडले नव्हते ती माणसे त्या सहा महिन्यांत बोलायला शिकली. पुढे जे काही झाले ते त्याच माणसांच्या जोरावर झाले, हे मी विसरत नाही.

अडचण सुरू झाली ती पावती पुस्तकापासून. मला जर कुणी विचारले की तुझे मत नक्की कशाने बदलले, तर मी त्या पुस्तकाकडेच बोट दाखवीन.

१९७१ च्या मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्याप्रमाणे आधीच्या मान्यताप्राप्त युनियनच्या जागी यायचे, तर अर्जाच्या आधीच्या सलग सहा महिन्यांत तिच्यापेक्षा जास्त सभासद आपल्याकडे असल्याचे औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे लागे. सभासद म्हणजे वर्गणी भरणारा, आणि वर्गणीचा पुरावा म्हणजे पावती. जुन्या युनियनची वर्गणी पगारातूनच कापली जात असे. पगारपत्रकावर एक ओळ छापून यायची आणि काम संपले. आम्हाला मात्र दर महिन्याच्या सात-आठ तारखेला सकाळी साडेसहापासून गेटबाहेर उभे राहून माणसामागे दहा रुपये गोळा करावे लागत. कार्बन घातलेले पुस्तक, मूळ पावती कामगाराला, दुप्रत आमच्याकडे, आणि दुप्रतीवर त्याची सही. जुलै महिन्यात पावसाने एक अख्खे पुस्तक भिजले आणि सत्तावन्न सह्या निळ्या डागांत गेल्या. त्या सत्तावन्न जणांना पुन्हा गाठून पुन्हा सह्या घेण्यात पंधरवडा गेला. हे कष्ट सोसता येतात. खरी बोच वेगळीच होती. आम्ही जिथे उभे राहत असू तिथून पंधरा पावलांवर सुरक्षा रक्षकाची केबिन होती आणि पावती घेणारा प्रत्येक जण तिथल्या वहीत टिपला जात होता. तिसऱ्या महिन्यात आमच्या १९० पावत्या फाटल्या होत्या. दोघांची बदली रात्रपाळीच्या दुसऱ्या विभागात झाली, एकाला किरकोळ कारणावरून निलंबित केले, आणि सहाव्या महिन्यात पावत्या १४२ वर आल्या. माणसे मनाने फिरली नव्हती. गेटच्या आत आल्यावर ती आम्हाला भेटत, पुढच्या महिन्यात देतो म्हणत, आणि बाहेर पडताना रस्त्याच्या पलीकडून जात.

त्यातच दुहेरी सभासदत्वाचा गुंता होता. पगारातली कपात थांबवायची तर व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्यावा लागे, म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे स्वतःच्या हस्ताक्षरात मालकाला कळवायचे. बहुतेकांनी ते टाळले आणि दोन्हीकडे पैसे भरले. मग तपासणीच्या वेळी तेच नाव दोन्ही याद्यांत निघाले आणि जुन्या युनियनने प्रत्येक नावावर हरकत घेतली.

शेवटी तपासणी अधिकारी कारखान्यात आले. निवडक सभासदांना टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, एकेक करून बोलावले जाई. आतले काम नियमाने चालले होते, पण त्या खोलीचे दार पर्सोनेल विभागाच्या समोरच उघडत होते. माझ्या बाजूच्या लेथवर सतरा वर्षे काम केलेल्या, पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर असलेल्या गृहस्थांना त्यांची पावती दाखवून विचारण्यात आले, ‘ही सही तुमचीच का?’ ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘आठवत नाही.’ संध्याकाळी ते माझ्या घरी आले आणि काही न बोलता बसून राहिले. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर होते. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. परंतु ज्या रीतीत माणसाला आपला कौल नावानिशी, सहीनिशी आणि मालकाच्या दारात जाऊन द्यावा लागतो, ती रीत आमच्यासारख्या साध्या कामगारांवर फार मोठे ओझे टाकते, हे मला त्या संध्याकाळी कळले.

प्रकरण पुढे तीन वर्षे चालले. त्या काळात व्यवस्थापन आमच्याशी सामुदायिक प्रश्नांवर बोलायला बांधील नव्हते. मान्यता नसलेल्या युनियनला बडतर्फी, निलंबन अशा एकेका सभासदाच्या तक्रारीपुरतेच बोलता येत असे. ५५ नगांचा प्रश्न तसाच राहिला. २०११ मध्ये आम्ही अर्ज मागे घेतला.

आता पॅनेलची वाट. आतून लढण्याबद्दल माझे पहिले मत वाईट होते आणि त्याला कारणेही होती. नऊ वर्षे खरी निवडणूक झालेली नव्हती. वार्षिक सभेत अध्यक्ष नावे वाचत आणि हात वर होत. १९२६ च्या कामगार संघ कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू नये असे आले होते, पण आम्हाला ते ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्यांनी सांगितले नव्हते. घटनेची प्रत मागितली तर ‘ऑफिसात आहे, या कधीतरी’ हे उत्तर मिळे. आम्ही चौघांनी रीतसर अर्ज करून कामगार संघांच्या निबंधकांच्या कार्यालयातून घटनेची प्रत आणि वार्षिक विवरणपत्रे मिळवली. सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सभासदाला असतो, हेही त्याच घटनेत लिहिलेले निघाले. मान्यताप्राप्त युनियनवर तर जास्त बंधने आहेत. कार्यकारिणीची सभा तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदले गेले पाहिजेत. आम्ही इतिवृत्ताची वही मागितली तेव्हा अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

आमच्या घटनेत एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागण्याची सोय होती. म्हणजे इथेही सह्या लागल्याच, आणि कुणी म्हणेल की मग फरक काय राहिला. मला जाणवलेला फरक असा की सह्या ६८ लागल्या, त्या एकदाच लागल्या, त्या आमच्याच युनियनच्या चिटणिसाला दिल्या गेल्या, आणि त्यांवर मागणी फक्त गुप्त मतदानाची होती. जुन्या कमिटीबद्दल आस्था असणाऱ्यांनीही तीवर सही केली. २०१२ च्या एका साप्ताहिक सुट्टीला जवळच्या शाळेच्या वर्गात मतदान झाले. खडूच्या फळ्यामागे कापड लावून आडोसा केला होता आणि पत्र्याच्या पेटीला दोन्ही पॅनेलची कुलुपे होती. ‘आठवत नाही’ म्हणणारे ते गृहस्थ सकाळी सर्वांत आधी रांगेत उभे होते. ३४० पैकी ३२२ जणांनी मत दिले. अकरापैकी सात जागा आमच्या पॅनेलला मिळाल्या, सरचिटणीसपद मिळाले, अध्यक्षपद मात्र नऊ मतांनी गेले.

ते अध्यक्ष आणखी तीन वर्षे आमच्या डोक्यावर राहिले, हे सांगितले नाही तर तुलना एकतर्फी होईल. आतून लढणाऱ्याला काल ज्याच्याविरुद्ध भाषण केले त्याच्याच शेजारी बसून आज मागणीपत्राचा मसुदा करावा लागतो. जुन्या सहीचा करार मुदत संपेपर्यंत पाळावा लागतो. आमच्यातले दोन जण सत्तेच्या खुर्चीला लवकर सरावले, याचेही मला दुःख झाले. तरीही दुसऱ्याच महिन्यात व्यवस्थापनाला आमच्याबरोबर बसावे लागले, कारण मान्यता तीच होती, वर्गणीची कपात तीच होती, कार्यालय आणि बँकेतले खाते तेच होते. पुढच्या करारात नगांचा आकडा ५० वर आला आणि परिशिष्टासह सबंध मसुदा सहीआधी कॅन्टीनमध्ये लावला गेला.

माझे मामा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ते होते, आणि सुमारे अडीच लाख कामगारांपैकी अनेकांसारखे तेही पुढे गावी परतले. तो संप मालकांविरुद्ध होता तितकाच राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या मक्तेदारीविरुद्धही होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्या संघाला प्रातिनिधिक दर्जा, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा एकट्याचा हक्क, दिलेला होता, आणि हा कायदा रद्द करा ही मागणी म्हणूनच संपात होती. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या पाठीशी सबंध गिरणगाव उभे असताना त्यांच्या युनियनशी कुणाला बोलावे लागले नाही. तिथे आतून लढण्याची वाट खुली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मामा तर म्हणत की संघाच्या कचेरीत आमचे ऐकून घेणारेच कुणी नव्हते. तसेच पुण्यात १९८९ साली टेल्कोमध्ये (आजची टाटा मोटर्स) कामगार नेते राजन नायर यांच्यामागे बहुसंख्य कामगार असताना व्यवस्थापनाने करार दुसऱ्या युनियनशी केला आणि कामगारांना शनिवारवाड्यावर उपोषणाला बसावे लागले. कामगारांचा पाठिंबा आणि कागदावरची मान्यता एका हाती नसली की काय होते, हे या दोन्ही ठिकाणी दिसले आणि म्हणूनच मी मान्यता सोडून बाहेर पडण्याबद्दल इतका सावध बोलतो.

तुमची परिस्थिती आमच्यासारखी नसेल, तर माझे मत तसेच्या तसे घेऊ नका. आमची युनियन एकाच कारखान्यापुरती होती. ज्यांची युनियन वीस-पंचवीस कारखान्यांची मिळून आहे आणि कारखान्यातली कमिटी वरून नेमली जाते, त्यांना आतून बहुमत मिळवायला इतर कारखान्यांतल्या अनोळखी सभासदांची मते लागतील. तिथे नवी युनियन हीच व्यवहार्य वाट असू शकते. ज्यांच्या घटनेत विशेष सभेची सोयच नाही, किंवा विरोधात बोलणाऱ्याला सभासदत्वावरून काढले जाते, त्यांच्याबाबतही तेच म्हणेन. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा हक्क एकट्या युनियनला मिळण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा धरला आहे, आणि तसा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची मिळून वाटाघाटी परिषद बनते. या तरतुदीने नव्या युनियनला थोडी जागा मिळू शकते. मात्र तो पाठिंबा मोजणार कसा, हे नोंदणीचा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. मोजणी गुप्त मतदानाने होणार असेल तर माझा मुख्य आक्षेप बराचसा मावळतो. पावत्या आणि सह्या तपासून होणार असेल, तर तुमच्या बाजूच्या मशीनवरचा माणूस टाइम ऑफिसात काय उत्तर देऊ शकेल, याचा विचार त्याच्या घरची परिस्थिती लक्षात घेऊन करा.

माझा कल कुठे आहे हे लपलेले नाही. निदान एवढे करा, की बाहेर पडायचे ठरवण्याआधी युनियनच्या घटनेची प्रत आणि शेवटच्या तीन वर्षांची विवरणपत्रे मागणारा अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आम्ही तो अर्ज २००७ मध्ये द्यायला हवा होता; दिला २०११ मध्ये.