वन-पीस की टू-पीस? ट्रॅकसाठी लेदर सूट निवडताना

ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली मोटारसायकल ठरावीक सत्रांत चालवण्याच्या दिवसासाठी, पहिला लेदर सूट घ्यायला निघालेल्या माणसाकडे हेल्मेट, हातमोजे आणि बूट आधीच असतील, असे मी धरून चालतो. त्यानंतरचा प्रश्न वन-पीस (अखंड सूट) घ्यावा की टू-पीस (वेगळे जॅकेट आणि पँट), हा. मी एक हंगाम मित्राचा वन-पीस वापरला आणि गेली तीन वर्षे माझा स्वतःचा टू-पीस वापरतो आहे. दोन्ही अंगावर घालूनच हे लिहितो आहे.

वन-पीसची बाजू भक्कम आहे. घसरताना कमरेपाशी अंग उघडे पडण्याची भीती त्यात नसते, टाकीवर वाकल्यावर पोटाला जॅकेट-पँट जोडणाऱ्या चेनची (झिपची) जाड पट्टी रुतत नाही आणि तो अंगासरशी बसत असल्याने कोपरांची व गुडघ्यांची पॅड सहसा सरकत नाहीत. पडताना पॅड जागेवर असले तरच त्याचा उपयोग, त्यामुळे हा फायदा मी मुळीच कमी लेखत नाही. लेबलवरून मात्र निवड होत नाही, कारण ईएन १७०९२ या मोटारसायकलस्वारांच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकातला सर्वांत वरचा ‘एएए’ दर्जा दोन्ही प्रकारांच्या सूटना मिळू शकतो.

माझा निर्णय झाला तो अस्तरामुळे. आपल्याला ट्रॅकसाठी सहसा चेन्नई, कोइमतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावे लागते आणि नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला उन्हाचे काही वाटत नाही, असा माझा समज होता. पण आपले ऊन कोरडे. कूलरसमोर दहा मिनिटे बसले की घाम वाळतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला तो वाळतच नाही. पहिले सत्र संपल्यावर मी तो वन-पीस कमरेपर्यंत उतरवला, तेव्हा ओले अस्तर हाताला चिकटून, पायातून मोजा उलटा निघावा तसे, बाहीतून बाहेर आले. पुढच्या सत्राच्या वेळी ते कोपराच्या पॅडपाशी गोळा होऊन बसले आणि हात त्याच्या पुढे सरकेना. मित्राने मनगटाकडून दोन बोटे घालून अस्तर ओढून पाहिले, ते पुन्हा पुन्हा निसटत राहिले, आणि एक बाही अंगात व एक लोंबत असतानाच आमचा गट ट्रॅकवर निघून गेला. इतक्या लांब जाऊन एक सत्र असे हुकणे मला फार लागले.

टू-पीसचे जॅकेट मी आल्याबरोबर काढून खुर्चीच्या पाठीवर, अस्तर पंख्याच्या बाजूला करून टाकतो आणि पुढच्या वेळी ते दोन मिनिटांत चढते. यात एक अट मात्र सोडू नये: जॅकेट आणि पँट जोडणारी चेन कमरेला पूर्ण वेढा घालणारी हवी. पाठीमागे वीतभर चेन असलेले सूट रस्त्यासाठी ठीक असतील, पण ट्रॅकवर अनेक आयोजक ते चालवून घेत नाहीत आणि ते रास्तच आहे. नवी चेन कडक असते, तिच्यावर मेणबत्ती घासावी. माझ्या चेनचा रनर दुसऱ्या वर्षी झिजला, तो इतवारीतल्या एका कारागिराने बदलून दिला. एकदा संथ वळणावर माझे पुढचे चाक निसटले आणि मी बराच घसरत गेलो, पण चेन जराही उघडली नाही. एका पडण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. माझा विश्वास मात्र तेव्हापासून बसला.

सूट कोणताही घ्या, पाठीच्या खिशात नुसता फोम असेल तर तो काढून लेव्हल २ चे पॅड बसवा. पाठीच्या पॅडसाठीच्या ईएन १६२१-२ या युरोपीय मानकानुसार लेव्हल १ च्या पॅडमधून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल पाठीपर्यंत पोहोचलेले चालते, तर लेव्हल २ साठी ही मर्यादा ९ आहे.

लॅप टाइमसाठी झटणाऱ्या आणि पिटमध्ये मदतीला माणूस असणाऱ्या स्पर्धकाला वन-पीसच योग्य वाटू शकेल. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला मी टू-पीस सुचवीन. त्याचे जॅकेट रविवारी सकाळी रामटेकपर्यंतच्या फेरीलाही कामी येते. तरीही वन-पीसकडेच मन ओढत असेल, तर अस्तर सुटे होणारा घ्या, कारण पावसाळ्यात ओलसर चामड्याला बुरशी लागते, आणि दुकानात मे महिन्यात भर दुपारी जाऊन, घामेजल्या हातांनी बाह्या एकदा उतरवून पुन्हा चढवून पाहा.