बाश्चार्शियात भाव विचारताना 'कशाचे?' हेही विचारा

क्रोएशिया बघून पुढे बॉस्नियात जाणारी आपली बरीच मंडळी हल्ली दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डुब्रोव्हनिकहून बसने सारायेव्होला उतरलं की पाकिटात युरो असतात, कारण क्रोएशियात २०२३पासून युरोच चालतो. बॉस्नियाचं चलन वेगळं, कन्व्हर्टिबल मार्क. एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर ठरलेला आहे. म्हणजे मार्क साधारण अर्ध्या युरोचा. आम्हाला टोपी घातली ती इथेच.

बाश्चार्शिया ही तिथली जुनी पेठ. पंधराव्या शतकात इसा-बेग इसाकोविच या ऑटोमन सरदाराने वसवलेली. १८७९च्या आगीत बरीच जळाली, तरी एका धंद्याची एक गल्ली ही जुनी रीत अजून थोडी टिकून आहे. सेबिल नावाच्या लाकडी पाणपोईजवळच कझांजिलुक, म्हणजे तांबटांची गल्ली. ठोक्यांचा आवाज ऐकून पुण्याची तांबट आळी आठवतेच. दारात बसून छिन्नीने तबकावर वेलबुट्टी कोरणारे कारागीर आहेत, आणि ते सज्जन आहेत हेही आधीच सांगते. आम्हाला भेटला तो कारागीर नव्हता, नुसता विकणारा होता.

"इंडिया? तुम्हाला तांब्याचं काय सांगायचं!" अशी सुरुवात. मग आतून कापडात गुंडाळलेला कॉफीचा सेट आला. लांब दांड्याची जेझ्वा, म्हणजे कॉफी उकळायचं भांडं, दोन बिनकानाच्या वाट्या, साखरेचा डबा, खाली तबक. सगळं छान काळपटलेलं. ऑस्ट्रियन राजवटीतलं, आजोबांच्या हातचं, म्हणे. भाव "नाइंटी". नवऱ्याने घासाघीस करून एटीवर आणलं आणि स्वतःवर खूश झाला. चलनाचं नाव त्या बोलण्यात एकदाही निघालं नाही. नवऱ्याने वीस-वीसच्या चार युरो नोटा काढल्या, त्या गल्ल्यात गेल्या, आणि हाती एक चिठोरं आलं. त्यावर फक्त '८०'.

चार दुकानं सोडून तस्साच सेट होता, नुसता चकचकीत. चिठ्ठीवर ४० मार्क. म्हणजे वीस युरो! त्याच्या ऐंशीला आम्ही मार्क धरले असते, तरी दुप्पट झाले असते. युरोत दिल्यामुळे चौपट.

रात्री खोलीवर सामान लावताना सेबिलचं चित्र असलेला फ्रिज मॅग्नेट तबकावर पडला आणि टचकन चिकटला. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लोखंडी पत्र्यावर तांब्याचा मुलामा होता, आणि आजोबांचा काळपटपणा बहुधा कसल्याशा द्रावणाचा.

सकाळी परत गेलो. "मी युरोच म्हणालो होतो," हे शांतपणे. मॅग्नेट लावून दाखवला तर म्हणतो, जुन्या काळी असंच मिसळायचे. पक्कं बिल मागितल्यावर त्याला एकदम इंग्रजी येईनासं झालं. पैसे परत मिळाले नाहीतच; वर बुलेटच्या पुंगळीचं एक पेन भेट म्हणून पुढे केलं. वेढ्याच्या काळातली पुंगळी, असं सांगत. त्याच्या तोंडून तेही खरं वाटेना, आणि ज्या शहराने १९९२ ते १९९६ वेढा सोसला, त्याच्या जिवावर असा धंदा बघून जास्त संताप आला.

तेव्हा जाणार असाल तर मार्क काढूनच पेठेत शिरा. भाव आकड्यात सांगितला की 'मार्क ना?' म्हणून विचारा आणि कागदावर 'केएम' लिहून घ्या. मार्कची तिथली खूण तीच. तिथे दुकानदाराने मशीनवरचं फिस्कल बिल, म्हणजे करासाठी नोंदलेलं पक्कं बिल, द्यायचं असतं. टाळाटाळ केली की वस्तू खाली ठेवा. भांडं उलटंपालटं करून बघा: खऱ्या जेझ्वाला आतून कल्हई असते, दांडा रिव्हेटने ठोकलेला असतो, ठोके थोडे वेडेवाकडे असतात. दोन भांडी अगदी जुळी दिसली तर ती साच्यातली. आणि खिशात मॅग्नेट असू द्या. दुकानदाराच्या देखतच लावा, खरा कारागीर रागावत नाही, उलट हसतो.

एटीएममध्ये 'तुमच्या चलनात रक्कम दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि मार्कमध्येच व्यवहार करा. आपल्या चलनात दाखवलेल्या रकमेचा दर मशीनवाल्यांचा असतो, आणि तो बहुतेकदा महागच पडतो.