‘क्लीन मारून बघ’ म्हणायची वेळ न आणणारी टूल्स: मेकपासून आरआरपर्यंत

बिल्डमध्ये, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, काही विचित्र झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: क्लीन मार (आधी बनलेल्या फाइली पुसून टाक) आणि परत बिल्ड कर. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं आणि खरा घोटाळा तिथेच आहे. क्लीन मारल्यावर गायब होणारा बग कोडमध्ये नव्हताच. बिल्ड करणाऱ्या टूलने ‘सगळं ताजं आहे’ म्हणून जी थाप मारली, त्या थापेत तो होता. म्हणून लिनक्सवर सी आणि सी प्लस प्लससाठी रोज वापरात असलेली कमांड लाइन टूल्स इथे एकाच कसाला लावली आहेत. ‘करण्यासारखं काही नाही’ असं टूलने सांगितलं, तर डोळे मिटून मानता येतं का? वेगाचं नंतर बघू.

सुरुवात मेकपासून. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिलेलं हे टूल आजही जवळपास प्रत्येक मशीनवर सापडतं, आणि त्याचं डोकं आजही एकाच गोष्टीवर चालतं: टार्गेटवरची (बनवायच्या फाइलवरची) वेळ जुनी की सोर्सवरची. सोर्स नवा असेल तर कमांड चालवायची, नाहीतर गप्प बसायचं. मागच्या वेळी कुठल्या फ्लॅगने (कमांडला दिलेल्या पर्यायाने) कंपाइल केलं होतं, हे त्याच्या गावीही नसतं. ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग बदला, मेक ढिम्म. ‘सीपी -पी’ने फाइलची जुनी प्रत परत आणली, तर तिच्यावरची तारीखही जुनीच येते, मजकूर बदललेला असूनही मेक पुन्हा ढिम्म.

टॅबचं रडगाणं (मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या नियमांच्या फाइलमध्ये, कमांडची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते) सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दोनच वाक्यं. ‘मिसिंग सेपरेटर’ अशी एरर आली की त्या ओळीवर ‘कॅट’ कॅपिटल ‘ए’ या फ्लॅगने चालवा; टॅब असेल तिथे टोपी घातलेला आय दिसतो आणि स्पेस असेल तिथे नुसती मोकळी जागा. ग्नू मेक ३.८२ पासून टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवता येतं, पण तसं केलेली मेकफाइल वाचणारा माणूस आधी चक्रावतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

खरा त्रास हेडर फाइलींचा, म्हणजे अनेक सोर्समध्ये ओढून घेतल्या जाणाऱ्या फाइलींचा. एक स्ट्रक्ट (फील्डांचा गट) घ्या: आठ-आठ बाइटची दोन फील्ड, एकूण १६ बाइट. हेडरमध्ये तिसरं फील्ड घातलं, आकार झाला २४. मेकफाइलमध्ये ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्सचं कंपाइल झालेलं रूप) फक्त तिच्या सोर्सवर अवलंबून आहे असं लिहिलेलं असेल, तर हेडर बदलल्याचं मेकला कळतच नाही. ज्या सोर्समध्ये नवं फील्ड वापरलं तेवढाच पुन्हा कंपाइल होतो. आता एक ऑब्जेक्ट फाइल १६ बाइट मेमरी मागते आणि दुसरी त्याच जागेत २४ बाइट लिहिते. लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणारा) फक्त फंक्शनची नावं जुळतात का ते बघतो. नावं जुळतात, त्यामुळे तो एक अक्षर बोलत नाही. प्रोग्रॅम कोसळतो तो भलत्याच ठिकाणी, बहुतेकदा कधीतरी पुढे ‘फ्री’ करताना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे पकडायची एक छोटी युक्ती आहे. जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची यादी; तिची एकेक नोंद म्हणजे फ्रेम) काढा, मेमरी मागणाऱ्या फ्रेमवर जाऊन त्या स्ट्रक्टचा ‘साइझऑफ’ प्रिंट करा, मग लिहिणाऱ्या फ्रेमवर जाऊन तेच करा. डीबग माहिती प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलची वेगळी असते, म्हणून एकीकडे १६ आणि दुसरीकडे २४ असं उत्तर येतं. असं दिसलं की कोड वाचणं तिथेच थांबवा आणि मेकफाइल उघडा.

उपाय दोन फ्लॅगांचा आहे: ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’, दोन्ही कॅपिटल अक्षरांत. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना ते कळतात. पहिल्याने कंपाइल होताहोताच प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी डी एक्स्टेन्शनची एक फाइल तयार होते आणि तिच्यात कुठले हेडर वापरले गेले त्याची यादी पडते. सिस्टीम हेडर वगळून. त्या फाइली मेकफाइलच्या शेवटी इन्क्लूड करायच्या, आणि इन्क्लूडच्या आधी एक वजाचं चिन्ह द्यायचं, म्हणजे पहिल्या बिल्डला त्या नसल्या तरी मेक कुरकुरत नाही. दुसरा फ्लॅग लोक विसरतात. तो नसला की एखादा हेडर डिलीट केल्यावर ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून बिल्ड अडतं, मग कुणीतरी वैतागून सगळ्या डी फाइली उडवतो, आणि आपण पुन्हा क्लीनवर येतो. यासोबत ‘.डिलीट_ऑन_एरर’ ही एक ओळ घाला, कॅपिटलमध्ये. एखादी कमांड अर्धवट फाइल लिहून मेली, तर ती अर्धी फाइल नव्या तारखेची असते आणि पुढच्या वेळी मेक तिलाच पूर्ण समजतो. ही ओळ असली की अशी फाइल मेक स्वतःच पुसतो. फ्लॅग बदलल्याचं कळावं म्हणून सगळ्या ऑब्जेक्ट फाइली खुद्द मेकफाइलवर अवलंबून ठेवायच्या. जरा ढोबळ आहे, पण चालतं. कमांड लाइनवरून दिलेले फ्लॅग मात्र यातूनही निसटतात.

समांतर बिल्डमध्ये दोन चुका हटकून होतात. ‘मेक -जे’ लिहून पुढे आकडा न देणं ही पहिली. आकडा नसला की एकाच वेळी चालणाऱ्या जॉबवर मेक मर्यादाच ठेवत नाही. मोठ्या सी प्लस प्लस प्रोजेक्टमध्ये मेमरी संपते आणि कर्नल कंपायलरलाच मारून टाकतं. स्क्रीनवर ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ दिसलं की कोडमध्ये चूक शोधू नका, जॉब कमी करा. दुसरी चूक म्हणजे डिपेन्डन्सी (कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते) लिहायची राहून जाणं. एकेक करून बिल्ड केलं तर योगायोगाने क्रम बरोबर लागतो, आठ जॉब लावले की कधी चालतं, कधी नाही. यासाठी २०२२ मध्ये आलेल्या ग्नू मेक ४.४ मधला ‘--शफल’ फ्लॅग वापरा. तो टार्गेटांचा क्रम मुद्दाम पिसतो आणि राहिलेली डिपेन्डन्सी उघडी पडते. मॅकओएससोबत येणारा मेक मात्र ३.८१ वरच अडकलेला आहे, तिथे ‘--शफल’ मिळणार नाही. वेगळा बसवावा लागतो.

मेकच्या जागी वापरता येणारा निंजा या कसोटीवर सरळ सरळ वरचढ. एव्हान मार्टिन यांनी तो क्रोमच्या बिल्डसाठी लिहिला. प्रत्येक टार्गेट कुठल्या कमांडने बनलं त्याचा हॅश (ओळख पटवणारा ठसा) तो एका लपलेल्या लॉग फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे फ्लॅग बदलला की संबंधित फाइली आपोआप पुन्हा बनतात. आकडा दिला नाही तरी जॉब आवाक्यात राहतात: दोनपेक्षा जास्त कोअर असतील तर कोअरच्या संख्येपेक्षा फक्त दोन जास्त. सगळ्यात कामाची सोय म्हणजे ‘निंजा -डी एक्स्प्लेन’. कुठली फाइल कशामुळे शिळी ठरली ते तो ओळीओळीने सांगतो. दर वेळी सगळंच पुन्हा बिल्ड होत असेल, तर या आउटपुटच्या पहिल्या चार-पाच ओळी वाचा. बहुतेकदा एखादी स्क्रिप्ट दर बिल्डला आवृत्तीचा हेडर नव्याने लिहीत असते. मजकूर तोच असेल तर फाइलला हात लावायचा नाही, एवढं त्या स्क्रिप्टला शिकवा आणि त्या नियमाला ‘रीस्टॅट’ लावा. निंजाच्या फाइली हाताने लिहायच्या नसतात, त्या सीमेक किंवा मेसनकडून तयार करून घ्यायच्या.

सीमेकबद्दल तक्रारींचा पाढा लांब आहे. कसोटीला धरून तीनच घेतो. बिल्ड टाइप दिला नाही आणि प्रोजेक्टनेही ठरवला नसेल, तर मेक आणि निंजासाठी तो रिकामा राहतो: ऑप्टिमायझेशनही नाही, डीबग माहितीही नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. सोर्स फाइली ग्लॉबने (नावाच्या नमुन्यावरून) गोळा केल्या असतील तर नवी फाइल घातल्याचं बिल्डला कळत नाही, आणि ‘अनडिफाइंड रेफरन्स’ येतो. नावं हाताने लिहा. कंपायलर बदलायचा असेल तर जुन्या कॅशवर विसंबू नका; ३.२४ पासून ‘--फ्रेश’ हा फ्लॅग आहे, त्याने कॅश पुसून नव्याने कॉन्फिगर होतं.

कंपाइलचा निकाल साठवून पुन्हा वापरणारा सीकॅश घ्याच. क्लीन बिल्ड स्वस्त होतं, त्यामुळे शंका आली तर खात्री करायला हात आखडत नाही. फक्त लिंकिंगचा वेळ तो वाचवत नाही, कारण तो फक्त कंपाइलचा निकाल साठवतो. मूळ मर्यादा ५ जीबी. मोठ्या प्रोजेक्टला ती वाढवा. एकाच कोडच्या दोन डिरेक्टरी असतील आणि ‘-जी’ लावलेलं असेल, तर डीबग माहितीत डिरेक्टरीचा पत्ता जातो म्हणून कॅश लागू पडत नाही. तो पत्ता वगळायचं सेटिंग केलं की कॅश लागू पडते, पण मग जीडीबीला सोर्स दुसऱ्याच डिरेक्टरीत सापडतो किंवा सापडतच नाही. तिथे ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’ द्यावं लागतं.

लिंकिंगमध्ये शिळेपणाचा सगळ्यात छुपा अड्डा म्हणजे स्टॅटिक लायब्ररी, म्हणजेच ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा किंवा आर्काइव्ह. ‘एआर’ जुन्या आर्काइव्हमध्ये नव्या ऑब्जेक्ट फाइली घालतं, जुन्या बदलतं, पण प्रोजेक्टमधून काढून टाकलेली फाइल आर्काइव्हमधून काढत नाही. सोर्स डिलीट केला, तरी त्यातलं फंक्शन खुशाल लिंक होत राहतं, आणि दुसऱ्या कुणी नव्याने क्लोन केलं की त्याच्याकडेच बिल्ड तुटतं. रेसिपीत ‘एआर’च्या आधी जुना आर्काइव्ह पुसायची एक कमांड घाला, बस.

वेगासाठी मोल्ड. रुई उयेयामा यांच्या या लिंकरची १.० आवृत्ती २०२१ च्या शेवटी आली, २०२३ मध्ये २.० पासून तो एमआयटी लायसन्सवर आहे. जीसीसी १२.१ पासून ‘-फ्यूज-एलडी=मोल्ड’ चालतं; त्याआधीच्या जीसीसीवर ‘मोल्ड -रन मेक’ असं गुंडाळून चालवा. खरंच मोल्डने लिंक झालं का, हे ‘रीडएल्फ’ने ‘.कॉमेंट’ सेक्शन छापून बघा, तिथे त्याचं नाव असतं. एक सांभाळा: जुना ग्नू लिंकर लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे वापरणारी फाइल आधी आणि लायब्ररी नंतर लिहावी लागते. मोल्ड आणि एलएलडी हे लिंकर या क्रमाबद्दल उदार आहेत. म्हणून मोल्डवर सुरळीत होणारं लिंकिंग ग्नू लिंकरवर अडू शकतं. कर्नल किंवा एम्बेडेड कामात मोठ्या लिंकर स्क्रिप्ट असतात, तिथे मोल्डच्या नादी लागू नका. गोल्ड हा लिंकर नव्याने घ्यायला तर कारणच उरलेलं नाही; २०२५ च्या बिनयुटिल्स २.४४ पासून तो मुख्य संचातून बाहेर गेला आहे.

आता डीबगर. जीडीबीकडे एक इशारा असतो, तो बहुतेक जण वाचतच नाहीत: सोर्स फाइल एक्झिक्यूटेबलपेक्षा नवी आहे. तो दिसला की पुढच्या ओळ क्रमांकांवर भरवसा शून्य. आधी बिल्ड करा. कोअर फाइलबाबत (कोसळताना जपलेली प्रोग्रॅमची मेमरी) त्याहून पक्का पुरावा मिळतो. बायनरीत बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळख) असेल, तर ‘रीडएल्फ -एन’ने तो बघा, कोअरमधला ‘ईयू-अनस्ट्रिप’ने बघा, आणि दोन्ही सारखे नसतील तर बॅकट्रेस वाचू नका. ऑटोमेशनसाठी ‘जीडीबी -बॅच’ला ‘-ईएक्स रन’ आणि ‘-ईएक्स बीटी’ द्या. प्रोग्रॅमला थ्रेड असतील तर ‘बीटी’ऐवजी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’.

वर सांगितलेल्या १६ आणि २४ बाइटच्या भानगडीसारख्या बगांना आरआर हा रेकॉर्ड करून उलटं मागे नेणारा डीबगर खरं औषध. एकदा रेकॉर्ड करायचं, रिप्ले करून कोसळण्यापर्यंत जायचं, बिघडलेल्या पत्त्यावर ‘वॉच -एल’ लावायचा आणि ‘रिव्हर्स-कंटिन्यू’. शेवटचं लिहिणारी ओळ समोर उभी राहते. पथ्यं आहेत: कर्नलचं ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ १ किंवा कमी लागतं, प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात (बऱ्याच व्हर्च्युअल मशीनवर ते नसतात), आणि सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालतात. थ्रेडच्या शर्यतीचा बग त्यामुळे दडून बसतो. मग रेकॉर्ड करताना ‘--केऑस’ लावा.

शेवटी ‘गिट बायसेक्ट रन’, म्हणजे बग कुठल्या कमिटमुळे आला ते शोधणारी कमांड. स्क्रिप्टने ० परत दिलं तर कमिट चांगला, १२५ दिलं तर वगळला, १ ते १२७ मधलं बाकी काहीही म्हणजे वाईट. म्हणून बिल्डच तुटलं तर ‘एक्झिट १२५’, नाहीतर बिल्ड न होणारा कमिट गुन्हेगार ठरतो. १२८ आणि त्यावरचा आकडा आला की बायसेक्ट तिथेच थांबतं, आणि नेमका सेगमेंटेशन फॉल्टचा आकडा शेलमध्ये १३९ येतो. कोसळणाराच बग शोधत असाल तर टेस्टच्या कमांडनंतर ‘|| एक्झिट १’ लिहायला विसरू नका.