चुंबक खिशातच होतं

बेळगावच्या तिसऱ्या गेटजवळ लहानाचा मोठा झालो. मिरज-लोंढा लाइन तेव्हा मीटरगेज होती. गेट पडलं की सायकलवरून उतरून डबे मोजायचे, हा नेम. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूमला ३४ वर्षं काढून घरी बसलो आणि माळ्यावर आठ बाय चारचा प्लाय टाकून छोटी मॉडेल रेल्वे मांडायला घेतली.

पहिली गाठ गेजशी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराशी पडली. मी धरलेलं एचओ म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं माप. त्या मापात आपलं मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर येतं, त्यासाठीचा १२ मिलिमीटरचा रूळ इकडे मिळणं कठीण. म्हणून सगळ्यांसारखा १६.५ मिलिमीटरचाच धरला आणि बालपणीच्या लाइनीवर पाणी सोडलं. २२ इंच त्रिज्येचं वळण प्लायच्या ४८ इंचांत बसतं, दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन इंच उरतात.

माल नवा मागवावा, तर २०२३पासून बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क, आणि कस्टमच्या लेखी आमची रेल्वे खेळण्यांतच मोडते. त्यामुळे आमच्यासारखे लोक जुनं शोधत बसतात, आणि तिथेच कोणीतरी गळ टाकून बसलेला असतो.

मला भेटला तो पुण्याचा म्हणवणारा. परदेशी चाललोय, सगळं काढून टाकायचंय, म्हणाला. तीन इंजिनं, कंट्रोलर, रुळांचे ३० लांब तुकडे, गाडीची वाट बदलणारे चार सांधे, सगळे मिळून ४६ हजार. ‘‘काका, पैशासाठी नाही देत, चांगल्या घरी जावं एवढंच.’’ मुलीचं स्थळ जमवावं तसा बोलत होता, आणि मी पाघळलो. पुण्याला येऊन बघतो म्हटलं, तर खोली रिकामी केलीय, माल मित्राकडे बांधून ठेवलाय, शिवाय उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.

त्याने व्हिडिओ पाठवला होता. लाल-निळ्या पट्ट्यांच्या जमखान्यावर गोल रूळ, त्यावर डिझेल इंजिन, झकास हॉर्न. निम्मे पैसे त्याच रात्री दिले, उरलेले बसवर माल चढवल्याच्या पावतीचा फोटो आल्यावर. बायको म्हणत होती, माल हातात येऊ द्या. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय!

खोका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून आणला. इंजिनं दिसायला देखणी. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम असते आणि इंजिनातला डिकोडर, म्हणजे एक छोटं सर्किट, फक्त आपल्या नंबराचा हुकूम ऐकतो. कारखान्यातून तो नंबर बहुतेक ३ असतो. इंजिन रुळावर ठेवलं, ३ दाबला. जागचं हललं नाही, पण पोटातून भुंग्यासारखी गुणगुण येत होती. पाठीवर हात ठेवला तर गरम. झटक्यात उचललं.

टोप काढून बघितलं. आठ पिनांच्या सॉकेटात डिकोडर नव्हताच, साध्या विजेवर चालण्यापुरती जोडणी करणारा डमी प्लग खोचलेला होता. स्पीकरची खोबण रिकामी. तिन्ही इंजिनांत तेच. फोन केला तर साहेब थंडपणे म्हणाले, ‘‘मी डीसीसी रेडी लिहिलं होतं, काका.’’ मेसेज काढून बघितला. खरंच तसंच लिहिलं होतं. रेडी म्हणजे डिकोडर बसवायला जागा आहे, एवढंच. बसवलेला असेल तर फिटेड म्हणतात. हा फरक मला माहीत नव्हता आणि मला तो माहीत नाही हे त्याला बरोबर माहीत होतं. मग हॉर्न कुठून आला? व्हिडिओ परत लावला. चौदाव्या सेकंदाला इंजिन थांबतं, पण आवाज तसाच चालू राहतो, आणि त्याच्यामागे बारीक ऐकू येतं, ‘‘चाय, चाय गरम!’’ कुठल्या तरी फलाटावरचं रेकॉर्डिंग शेजारी लावून ठेवलं होतं. चहावाल्यासकट.

इथवर शब्दांची चलाखी म्हणता येईल. रुळांत मात्र सरळ खोटं. निकेल सिल्व्हर म्हणून पैसे घेतले. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि चुंबक त्याला चिकटत नाही. टूलरूमच्या सवयीने माझ्या खिशात कायम चुंबक असतं. लावलं, तर टक्कन बसलं. साधं लोखंड. बेळगावच्या पावसात याला आठवड्यात गंज धरेल, आणि गंजावर वीज पोहोचत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरावर मी नवव्या दिवशी फोन केला. तोवर त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलत बसलो होतो, आणि पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते. ठाण्यातला हवालदार भला माणूस, तक्रार कन्नडमधून नीट लिहून घेतली. पण शेवटी त्याने विचारलंच, ‘‘इंजिन आलंय ना? मग फसवणूक कसली?’’ त्याला डिकोडर समजावताना माझीच मला लाज वाटली.

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका पोराने व्हिडिओ पाठवला, ‘‘काका, हे घेऊ का?’’ तोच लाल-निळा जमखाना, तोच व्हिडिओ. गाव फक्त बदललंय, आता माल नाशकात आहे. मी म्हटलं, चौदावं सेकंद कान लावून ऐक. मग त्याच्याकडे दोन व्हिडिओ माग, एक टोप काढलेल्या इंजिनाचा आणि एक रुळाला चुंबक लावतानाचा, दोन्हींत आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून.

पोराने तसा मेसेज टाकला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, ‘‘काका, ब्लॉक केलं की हो त्याने मला!’’