सर्व्हर करप्ट झालाच नव्हता, तरी माझे २२ हजार गेले

ज्यांचं हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि जे रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या लांबच्या सर्व्हरची स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, कामाला बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फसलो, माझ्या ओळखीचे आणखी एक जण फसले, आणि ज्यामुळे फसलो ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर आपल्या भागात अजून कितीतरी ठिकाणी बसवलेलं असणार.

अमळनेरला माझं हिशेबाचं ऑफिस आहे. धरणगावचे दोन जिनिंगवाले, पारोळ्याचे कृषी केंद्राचे अण्णा, जळगावची एक दालमिल, अशा पुष्कळ जणांची खाती माझ्याकडे आहेत. सगळं एका विंडोज सर्व्हर २०१९ वर असतं. माझ्या ऑफिसातली चार मुलं इथून बसतात, जिनिंगवाल्यांचे मुनीम तिकडून बसतात.

दोन वर्षांपूर्वी एक माणूस ओळखीतून ऑफिसात आला. चहा घेतला आणि माझ्याच सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून दाखवला. ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी एकाखाली एक, शेकड्यांनी. "भाऊ, हे बघा, रात्रभर कुणीतरी तुमचा पासवर्ड फोडायला बसलंय." नोंदी खऱ्याच होत्या. पण इंटरनेटवर रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवलेल्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर त्या दिसतात, हे त्याने सांगितलं नाही आणि मला माहीत नव्हतं. लोकांची खाती आपल्या भरवशावर असतात, मी घाबरलो. वर्षाला ९,००० रुपये देऊन त्याचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं.

दुसऱ्या वर्षी त्याने १४,००० मागितले. मी म्हणालो, नको, काढून टाका. तो जराही चिडला नाही. म्हणाला, "त्यात काय भाऊ, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा, पाच मिनिटांचं काम आहे."

१८ नोव्हेंबरला सकाळी अकराच्या सुमारास मी स्वतः रिमोट डेस्कटॉपमधूनच ते अनइन्स्टॉल करायला घेतलं. हिरवी पट्टी शेवटापर्यंत गेली आणि स्क्रीन तिथेच थिजली. खिडकी बंद करून पुन्हा जोडायला गेलो तर कनेक्ट होत नाही. दहाच मिनिटांत धरणगावहून फोन, "भाऊ, काट्याच्या पावत्या टाकता येत नाहीयेत." कापसाच्या खरेदीचे ऐन दिवस. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि इकडे २० तारखेची जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, डोक्यावर. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. माझ्या चुकीपायी ते अशिलाने का भरावं?

त्या माणसाला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "सर्व्हर करप्ट झालाय. विंडोज नव्याने टाकावं लागेल, डेटा रिकव्हरीला बसावं लागेल. ४०,००० होतात, तुमच्यासाठी २२,००० मध्ये करतो. अर्धे आधी." मी ११,००० यूपीआयने पाठवले. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या वेबसाइटवरच्या पॅनलचा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा असे दोन्ही पासवर्ड डायरीतून वाचून दाखवले. तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. त्याने बजावलं, "मी सांगेपर्यंत कुणी कनेक्ट करू नका, मधेच कनेक्ट केलं तर डेटा उडेल." आम्ही कुणी हात लावला नाही. पाचला त्याचा फोन आला, साठ टक्के डेटा निघाला. सातला, ऐंशी टक्के. उरलेले ११,००० गेल्यावर रात्री साडेआठला म्हणाला, आता बघा. बघितलं तर सगळं जसंच्या तसं. फोनवर मी त्याचे तीनदा आभार मानले.

पुढच्या रविवारी शेतात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत ठेचणं चाललं होतं, आणि मी सगळ्यांना आमची कशी सुटका झाली ते सांगत होतो. माझी भाची धुळ्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मामा, त्या दिवशी होस्टिंगच्या पॅनलवर सर्व्हर रनिंग दिसत होता का?"

दिसत होता. पासवर्ड वाचून दाखवण्याआधी मी पॅनल उघडलं होतं आणि हिरवा ठिपका पाहिला होता. त्याच पानावर ‘कन्सोल’ नावाचं बटण आहे, ते मी कधी दाबलं नव्हतं. ते दाबलं की सर्व्हरचा मॉनिटर समोर ठेवल्यासारखी त्याची स्क्रीन ब्राउझरमध्ये दिसते. त्याला रिमोट डेस्कटॉप लागत नाही आणि विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, त्याला अडवत नाही. म्हणजे मशीन चालू होतं, आत जायचा दुसरा रस्ता माझ्याकडेच होता, बंद होतं ते फक्त पुढचं दार.

त्याच रात्री भाचीने ऑफिसात बसून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्या माणसाने मला घाबरवायला उघडला होता तोच. विंडोजच्या फायरवॉलचा एक वेगळा लॉग असतो. त्यात सकाळी ११:१४ ला २००६ नंबरची नोंद होती, म्हणजे फायरवॉलचा एक नियम पुसला गेला. अनइन्स्टॉल संपला ती हीच वेळ. मग दुपारी ३:२२ ला कन्सोलवरून ॲडमिनिस्ट्रेटरचं लॉगिन. ३:२७ ला २००५ ची नोंद, नियमात बदल. तो नियम रिमोट डेस्कटॉपचा. पुढे त्या दिवसात विंडोज नव्याने टाकल्याची खूण नाही, रिकव्हरीचा एखादा प्रोग्राम चालल्याची नाही, टॅलीच्या फोल्डरमधली एकही फाइल नव्याने तयार झालेली नाही.

त्याचं काम पाच मिनिटांत झालं होतं. ३:२७ ला दार उघडलं होतं. तिथून साडेआठपर्यंत पाच तास आमचा धंदा फक्त त्याच्या शब्दाच्या धाकाने बंद राहिला, आणि साठ टक्के, ऐंशी टक्के हे आकडे तो तोंडाने सांगत होता.

सिक्युरिटीच्या लॉगमध्ये ४७२० ची नोंद होती, वेळ ३:३१. नवीन युजर तयार केल्याची. नाव असं की बघणाऱ्याला वाटावं ते विंडोजचंच आहे, आणि अधिकार पूर्ण ॲडमिनिस्ट्रेटरचे. पैसे गेल्याचं दुःख एका बाजूला, पण हे पाहून माझे हातपाय गार पडले. आठवडाभर तो माणूस माझ्या सगळ्या अशिलांची खाती घरबसल्या उघडू शकत होता. लगेच तो युजर बंद केला. पुरावा म्हणून पुसला मात्र नाही. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, पॅनलचाही बदलला. लॉग फाइलमध्ये उतरवून घेतले, कारण लॉगची जागा भरली की जुन्या नोंदी पुसून त्यावर नव्या चढतात.

भाचीला तेवढ्याने समाधान नव्हतं. तिने स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच आत चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये, सर्व्हर उभा केला, त्यावर तेच सॉफ्टवेअर बसवलं आणि काढलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. बसवताना ते रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा ३३८९ पोर्ट, म्हणजे आत येण्याच्या दाराचा नंबर, बदलतं, फायरवॉलमधले विंडोजचे मूळ नियम बंद करतं आणि नव्या पोर्टसाठी स्वतःचा नियम टाकतं. काढताना स्वतःचा नियम पुसतं, पोर्ट परत ३३८९ करतं, पण बंद केलेले मूळ नियम परत चालू करत नाही. मग आत यायला कुठलीच वाट उरत नाही. अनइन्स्टॉलरने जाताना सगळं आधी होतं तसं करून जायचं असतं. इथे ती एक पायरीच नाही. एखाद्याकडून चूक राहूही शकते. पण दालमिलवाल्यांकडे आधीच्या उन्हाळ्यात अगदी हेच झालं होतं, त्यांनाही त्याने ‘करप्ट’ हाच शब्द सांगितला होता आणि त्यांच्याकडून १८,००० घेतले होते. त्याला दोष माहीत होता, आणि तो त्यावर पैसे कमवत होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि जळगावला सायबर पोलिसांकडे लॉग, यूपीआयच्या पावत्या घेऊन गेलो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणकात शिरणं आणि हक्काच्या माणसाला आत येऊ न देणं, दोन्ही येतं. कलम ६६ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्ज घेतलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

असलं सॉफ्टवेअर कुणाकडे असेल तर घाईने काढू नका. आधी टॅलीचा बॅकअप दुसरीकडे उतरवा आणि पॅनलवरून सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी पूर्ण प्रत, घ्या. पॅनलचं कन्सोल उघडून त्यातून लॉगिन होतंय का ते बघा, आणि अनइन्स्टॉल तिथूनच करा. कन्सोल जमतच नसेल तर टास्क शेड्युलरमध्ये दहा मिनिटांनंतरचं एक काम लावून ठेवा. त्यात रिमोट डेस्कटॉप गटाचे नियम चालू करणारी नेटश या विंडोजच्या कमांडची एक ओळ असते. ते काम सिस्टीमच्या नावाने चालेल असं ठेवायचं, म्हणजे तुम्ही बाहेर फेकले गेलात तरी ते वेळेवर चालतं. नंतर रिमोट डेस्कटॉप फक्त आपल्या ऑफिसच्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, किंवा व्हीपीएन या खासगी सुरक्षित मार्गानेच येऊ द्या. ४६२५ च्या नोंदींवर खरा इलाज तो आहे, आणि त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कुणी करप्ट म्हणालं तर पैसे देण्याआधी पॅनलचा ठिपका बघा. पासवर्ड द्यावाच लागला तर काम झाल्याबरोबर बदला आणि युजरची यादी नजरेखालून घाला.

पारोळ्याच्या अण्णांनी त्यांच्या दुकानाच्या वेगळ्या सर्व्हरवरही हेच सॉफ्टवेअर घेतलं होतं. पॅनलचा पासवर्ड त्यांना सापडत नव्हता, म्हणून टास्क लावला. परवा संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून आम्ही ते काढलं. स्क्रीन थिजली. अण्णा म्हणाले, "आते काय करानं?" मी म्हणालो, "काही नाही अण्णा, घड्याळाकडे बघत बसा." सहा मिनिटं, आठ मिनिटं, दोघंही गप्प. दहा झाली आणि त्यांनी पुन्हा कनेक्ट दाबलं.

"उनं भाऊ, उनं!"

स्क्रीन परत आली होती. मग आम्ही त्यांच्या युजरची यादी उघडली. तिथेही तेच नाव होतं.