टीबीचे कार्टून व्हिडिओ दाखवणारा दवाखाना, कोपरखैरणे : व्हिडिओ भारी, टीव्ही मुका

दादाला फुफ्फुसाचा टीबी निघाला म्हणून इथल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे जाणं-येणं चालू आहे. डॉक्टर चांगलेच आहेत, पण लिहायचंय ते वेटिंगमधल्या टीव्हीवर लागणाऱ्या टीबीच्या ॲनिमेशन व्हिडिओंबद्दल, कारण घरी जे आमचं कोणाचं ऐकत नव्हते ते त्या कार्टूनचं ऐकायला लागले.

आईने दादाचं ताट-वाटी-पेला सगळं वेगळं काढलेलं, आम्ही सांगून थकलो. व्हिडिओत एक काका खोकतात, हिरवे जंतू बंद खोलीत तरंगत बसतात, खिडकी उघडली की वाऱ्याने पांगतात, आणि त्यातलाच एक ताटावर बसायला जातो तो घसरून धपकन पडतो. झालं! आई म्हणे "हवेतनं होतो होय, मग मी भांडी कशाला दोनदोनदा घासतेय". दादा पण आता मुकाट मास्क लावतो.

गोळ्यांचा भाग तर एक नंबर. काकांना दीड-दोन महिन्यांत बरं वाटतं, वजन वाढतं, ते गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकतात आणि झोपलेले जंतू आळस देत उठतात, ते पण चिलखत घालून, म्हणजे आता साध्या गोळ्या चालणार नाहीत. सहा महिन्यांचा कोर्स का पूर्ण करायचा हे याहून सोपं कोण सांगणार. लघवी केशरी होते ती औषधामुळे, घाबरू नका, हे पण दाखवलंय, नाहीतर दादाने मला रात्री उठवलं असतं 😄 सरकारकडून खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात (२०१८ ला योजना आली तेव्हा ५०० होते) हे आम्हाला तिथेच कळलं.

आता तक्रारी. व्हिडिओतलं घर म्हणजे बंगला, चारी बाजूंनी खिडक्या, बाहेर झाड. अहो इथे माथाडींच्या घरांत भिंतीला भिंत लागलेली, मधल्या खोलीला खिडकीच नाही, तिथे हवा खेळती कशी ठेवायची? आम्ही दादाचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं आणि मागचं दार उघडं ठेवतो, पण हे आमचं डोकं, व्हिडिओचं नाही. दुसरं म्हणजे घरातल्यांनी तपासून घ्यायचं आणि टीबी नसला तरी तो होऊ नये म्हणून गोळ्या असतात, पाच वर्षांखालच्या पोरांना तर आधी बघतात, हे एवढं महत्त्वाचं पण भुर्रकन निघून जातं. पुतणी चार वर्षांची आहे म्हणून वहिनीने आत जाऊन विचारलं, नाहीतर राहूनच गेलं असतं.

आणि टीव्हीचा आवाज कायम बंद! खालची अक्षरं मुंगीएवढी, आजी-आजोबांनी काय वाचायचं. रिसेप्शनवर मागितले की व्हॉट्सॲपवर पाठवतात, तसेच घ्या आणि घरी सगळ्यांना बसवून दाखवा.

साडेतीन स्टार. अर्धा आवाजाचा कापला, एक त्या बंगल्याचा.